गेटच्या आतला भाव

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा, मध्यंतर पंधरा मिनिटांचं. मैदानावर कुणी पायात पाय घातला की पंच शिट्टी वाजवतो. मध्यंतरात हजारो प्रेक्षकांच्या खिशात हात घातला जातो, तेव्हा शिट्टी वाजवणारा कुणी नसतो.

गेटबाहेर एक भाव, गेटच्या आत दुसरा. मधे फक्त एक फिरतं लोखंडी दार. दाराच्या दोन्ही बाजूंना पाव तोच, बटाटा तोच, पाणीही तेच. मग आत गेल्यावर वाढलं काय?

वाढली ती तुमची अडचण. भाव तिचा लागतो.

बहुतेक ठिकाणी रीत एकच. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं नाही आणि एकदा आत आलेल्याला बाहेर जाऊन परत येऊ द्यायचं नाही. दोन्ही वाटा बंद केल्या की गिऱ्हाईक पक्कं झालं. आणि पक्क्या गिऱ्हाइकासाठी चांगलं शिजवायची तसदी कोण घेतो?

म्हणून स्टेडियममधलं खाणं महाग असतं आणि वर वाईटही असतं. सामन्याच्या कितीतरी आधी फॉइलमध्ये गुंडाळलेला बर्गर मध्यंतराला हातात पडतो. पाव दमट, टिक्की कोमट, चीज कागदाला चिकटलेलं. नाक्यावरच्या गाडीवाल्याने असलं काही दिलं असतं तर आठवड्यात त्याची गाडी उठली असती. स्टेडियमच्या खिडकीवर मात्र पुढच्या सामन्याला पुन्हा तीच रांग लागते.

चव बिघडली तरी रांग लागते, म्हणूनच चव बिघडते.

संयोजकांची बाजूही ऐकायला हवी. मैदान वर्षातले मोजकेच दिवस उघडतं. माणसं चार-पाच तासांसाठी आणावी लागतात. माल तपासणीतून आत न्यावा लागतो, उरलेला फेकावा लागतो. हे सगळं खरं आहे आणि यामुळे भाव थोडा चढणार, हेही मान्य.

थोडा. दुप्पट-तिप्पट कशामुळे?

कंत्राटामुळे. बरेच क्लब स्वतः खाणं विकत नाहीत. ते काम केटरिंग कंपनीला देतात आणि विक्रीतला वाटा स्वतःकडे घेतात. जी कंपनी जास्त वाटा कबूल करेल, तिचं पारडं जड. कंपनीने तो वाटा आणायचा कुठून? तुमच्या चहातून, तुमच्या सामोशातून, तुमच्या पाण्यातून. तुम्ही एका घासाचे पैसे मोजता आणि तुमच्या आधी त्यात दोघं जेवून जातात.

‘हे असंच चालतं, याला इलाज नाही,’ असं सांगणाऱ्यांनी एकदा अटलांटाचा हिशेब पाहावा.

अमेरिकेतल्या या शहरात २०१७ मध्ये मर्सिडीज-बेंझ स्टेडियम उघडलं. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या मैदानांतही त्याचं नाव आहे. त्यामागचे उद्योजक आर्थर ब्लँक, ‘होम डेपो’ या दुकानांच्या साखळीचे एक संस्थापक. त्यांचे दोन संघ इथे खेळतात : अमेरिकन फुटबॉलचा फाल्कन्स आणि आपल्या ओळखीच्या फुटबॉलचा अटलांटा युनायटेड. स्टेडियम उघडण्याआधीच ब्लँक यांनी भाव जाहीर करून टाकले. हॉट डॉग २ डॉलर. पॉपकॉर्न २ डॉलर. पाण्याची बाटली २ डॉलर. सोडा २ डॉलर, कप रिकामा झाला की पुन्हा भरून घ्यायचा, वेगळे पैसे नाहीत. पिझ्झाचा तुकडा ३ डॉलर, बिअर ५ डॉलर. कर धरून.

फाल्कन्सच्या आधीच्या मैदानावर, जॉर्जिया डोममध्ये, याच गोष्टींना जवळपास दुप्पट पैसे पडत होते.

मग धंदा बसला का?

पहिल्याच हंगामात फाल्कन्सच्या सामन्यांना प्रेक्षकाचा खाण्यापिण्यावरचा सरासरी खर्च १६ टक्क्यांनी वाढला. भाव निम्म्यावर आणि गल्ला चढता.

कुठल्याही वाण्याला हे सहज कळेल. भाव परवडला की माणूस घरून जेवून निघत नाही, मैदानावर येऊन जेवतो. लवकर येतो. पोरांनी दुसऱ्यांदा मागितलं तर डोळे वटारत नाही. भाव पूर्ण डॉलरमध्ये असल्याने चिल्लर मोजण्यात वेळ जात नाही, रांग भराभर सरकते आणि सरकणारी रांग पाहून आणखी चार जण उठतात. पुढच्या वर्षी तर हॉट डॉग आणखी उतरवून दीड डॉलरवर आणला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : भाव ठरवायचा अधिकार स्टेडियमने स्वतःकडे ठेवला. केटररने शिजवायचं, वाढायचं, आपला मोबदला घ्यायचा. भावफलकाला हात लावायचा नाही.

म्हणजे हा अधिकार मालकाकडे पहिल्यापासून असतोच. बाकीचे बहुतेक मालक तो प्रेक्षकांसाठी वापरत नाहीत, ही खरी गोष्ट आहे. महागाई ही त्यांची निवड आहे, आणि निवडीला मजबुरीचं नाव देणं थांबलं पाहिजे.

आता त्या पंधरा मिनिटांचा हिशेब मांडू. समजा, प्रेक्षक ४०,०००. त्यातल्या निम्म्यांना मध्यंतरात काहीतरी हवं आहे. एका गिऱ्हाइकाला अर्धा मिनिट धरा, म्हणजे एक खिडकी पंधरा मिनिटांत ३० जणांना वाटेला लावते. २०,००० जणांसाठी साडेसहाशेहून जास्त खिडक्या लागतील.

एवढ्या खिडक्या तुम्ही कुठे पाहिल्यात?

म्हणून उत्तरार्धातला पहिला गोल कित्येकांना भिंतीपलीकडच्या आरोळीवरून कळतो. तिकिटाचे पैसे खेळ पाहायला दिलेले असतात. त्या पैशांत रांगेतल्या पुढच्या माणसाची पाठ पाहायला लावणं ही सरळ फसवणूक आहे.

इंग्लंडमध्ये या रांगेवर कायद्याचाही दाब आहे. १९८५ च्या कायद्यानुसार तिथल्या पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. त्या काळात इंग्लिश मैदानांवरची हाणामारी टोकाला गेली होती, कायद्याला कारण होतं. पण चाळीस वर्षांनंतर काय दिसतं? गॅलरीखालच्या बोळात गर्दी करून, खेळ सुरू व्हायच्या आत, घाईघाईने ग्लास रिचवणारी माणसं. त्याच देशात क्रिकेटचा आणि रग्बीचा प्रेक्षक ग्लास हातात घेऊन निवांत खेळ पाहतो.

एकाच देशात एका खेळाचा प्रेक्षक सज्ञान आणि दुसऱ्या खेळाचा कायमचा संशयित?

लंडनच्या टॉटनहॅम क्लबने २०१९ मध्ये नवं स्टेडियम उघडलं, त्यात ६५ मीटर लांबीचा बार बांधला आणि आतच बिअर बनवायची सोय केली. प्रेक्षकाने लवकर यावं, सामन्यानंतरही थांबावं, हा त्यांचा हेतू. क्लबचा त्यात स्वार्थ आहेच. पण रांग कमी करायचा विचार काँक्रीट ओतण्याआधी करता येतो, एवढं त्यातून सिद्ध झालं. बाकीच्यांचं अडतं ते इच्छेपाशी.

चांगलं खाणं हे श्रीमंत क्लबांचंच काम आहे, असंही नाही. इंग्लंडमधल्या नेल्सवर्थ या छोट्या गावातला फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा क्लब २०१५ पासून मैदानावर संपूर्ण वनस्पतिजन्य जेवण देतो. नॉर्विच सिटीची सूत्रं वर्षानुवर्षं डेलिया स्मिथ यांच्या हातात होती. या बाई म्हणजे इंग्लंडच्या घराघरांत पोचलेल्या पाककलेच्या लेखिका, त्यामुळे स्वयंपाकघराकडे क्लबचं लक्ष राहिलं. एखाद्याला मांसाहार हवा असेल, एखाद्याला नको असेल, तो वाद वेगळा. या क्लबांनी प्रेक्षक काय खातो याचा विचार केला. बहुतेक ठिकाणी प्रेक्षक किती देतो, एवढाच विचार होतो.

आता कतार. २०२२ च्या विश्वचषकाला दोन दिवस उरले असताना, १८ नोव्हेंबरला, फिफाने जाहीर केलं की स्टेडियमच्या आवारात बिअर विकली जाणार नाही. यजमानाच्या घरात यजमानाचे नियम चालावेत, यात वाद नाही. नियम सगळ्यांना सारखा लागला असता तर लिहायचं कारणच नव्हतं.

पण महागड्या पाहुणचार-कक्षांत दारू मिळतच राहिली. स्वस्त खुर्चीला बंदी, महाग खुर्चीला सूट. याला धोरण म्हणतात का?

शहरातल्या फॅन फेस्टिव्हलमध्ये बिअर मिळायची, तीही ठरावीक वेळात. अर्ध्या लिटरला ५० रियाल, म्हणजे तेव्हाचे साधारण ११०० रुपये. कतारच्या कायद्यात मजुराचं किमान मूळ वेतन महिना १००० रियाल आहे. मालक जेवण देत नसेल तर जेवणाचा भत्ता महिना ३०० रियाल. ही स्टेडियम उभारणारे बहुतेक हात भारत, नेपाळ, बांगलादेशातून आलेले होते.

सहा ग्लास बिअर म्हणजे त्या माणसाचं महिन्याभराचं जेवण. विश्वचषकाच्या भावफलकावर हा आकडाही छापायला हवा होता.

ब्राझीलमध्ये चित्र उलटं. तिथल्या स्टेडियममध्ये दारूविक्रीवर बंदी होती. २०१४ च्या विश्वचषकाआधी फिफाने ती हटवायचा आग्रह धरला. २०१२ मध्ये फिफाचे तेव्हाचे सरचिटणीस जेरोम वाल्क यांनी साफ सांगितलं की दारू हा विश्वचषकाचा भाग आहे आणि ती मिळणारच. त्याच वर्षी ब्राझीलने खास कायदा केला.

एका प्रायोजकाच्या बिअरसाठी देशाचा कायदा वाकला. आणि वडेवालीसाठी?

त्याच ब्राझीलच्या साल्व्हादोर शहरात अकाराजे मिळतो. चवळी भिजवून, साल काढून, वाटून, पाम तेलात तळलेला वडा. पांढऱ्या घेरदार पोशाखातल्या तिथल्या बायका, म्हणजे बाइआना, तो पिढ्यान्‌पिढ्या विकत आल्यात, तिथल्या फोंते नोव्हा स्टेडियमवरही विकत होत्या. विश्वचषक आला आणि मैदानाभोवतीची जागा फक्त प्रायोजकांची झाली. बायका गप्प बसल्या नाहीत. सह्या गोळा केल्या, मोर्चा काढला आणि २०१३ मध्ये स्टेडियममध्ये बसायचा हक्क मिळवला.

तिच्याच गावात, तिचाच वडा विकायला तिला सह्यांचा गठ्ठा लागला. कंपनीला फक्त एक आग्रह पुरला.

तरीही त्या बायका जिंकल्या, हे विसरू नका. प्रेक्षक भांडला तर तोही जिंकतो. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर ७७ पौंडांवर नेऊ घातलेल्या तिकिटाविरुद्ध हजारो प्रेक्षक ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. आठवडा उलटायच्या आत मालकांनी ती वाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली.

खाण्याच्या भावासाठी असं कधी कुणी उठलंय?

तिकीट एकदम चिमटा काढतं, म्हणून ओरड होते. खाणं हप्त्याहप्त्याने कापतं. चहाला थोडे जास्त, पाण्याला थोडे जास्त, पोराच्या आइस्क्रीमला थोडे जास्त. दरवेळी आपण म्हणतो, जाऊ दे, एवढं काय.

या ‘जाऊ दे’वर अख्खा धंदा उभा आहे.

आता आपल्या अंगणात या. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबई, मडगाव, कोची, कोलकाता, गुवाहाटी, दिल्ली. पहिल्या दिवशी दिल्लीत गॅलरी भरायला शाळाशाळांतून मुलं आणली. त्यांना पुरेसं खाणं नव्हतं, पुरेसं पाणी नव्हतं. संयोजकांना माफी मागावी लागली. गवताची उंची मोजून घेणाऱ्या स्पर्धेत मुलांची तहान कुणी मोजली नव्हती.

आपल्या मैदानांवर पाण्याची बाटली गेटवरच काढून घेतात. कारण सांगतात सुरक्षेचं : लोक बाटल्या मैदानात फेकतात. फेकतात, हे खरंच आहे आणि ते लाजिरवाणं आहे. मग आत पाणी फुकट आणि मुबलक हवं, बरोबर? त्याऐवजी अनेक ठिकाणी बाटली उघडून कागदी ग्लासात पाणी ओतून विकतात. बाटलीवर छापील किंमत असते. ग्लासावर काहीच छापलेलं नसतं.

सुरक्षेच्या नावाने बाटली गेली आणि तिच्यावरची किंमतही गेली. आता वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करायची तर दाखवणार काय, ओला कागदी ग्लास?

महाराष्ट्राने ही लढाई सिनेमागृहात पाहिली आहे. २०१८ मध्ये मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या भावावरून आंदोलनं झाली. नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांनी सांगितलं की प्रेक्षकांना बाहेरचे पदार्थ नेता येतील. टाळ्या विरल्या नाहीत तोवर, ऑगस्टमध्ये, त्याच सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं की बाहेरचं खाणं आत आलं तर सुरक्षेचा प्रश्न उभा राहू शकतो.

डब्यातल्या थालीपिठाने कुणाची सुरक्षा धोक्यात येते?

पुढे जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क सिनेमागृहाच्या मालकाला आहे, पण पिण्याचं शुद्ध पाणी त्याने फुकट द्यावं. निकाल सिनेमागृहांचा आहे, पण त्यातला विचार कुठल्याही बंद दाराला लागू पडतो. थंडगार अंधारात बसलेल्याला पाणी फुकट मिळायला हवं, तर मुंबई-गोव्याच्या दमट हवेत दोन तास घसा फाडून ओरडणाऱ्याला ते का नको?

‘परवडत नसेल तर खाऊ नका,’ असं म्हणणारेही भेटतात. सामना नव्वद मिनिटांचा असला तरी गेट लवकर गाठायचं, तपासणीतून जायचं, गर्दीतून बाहेर पडायचं, यात चार तास सहज जातात. सोबत सहा वर्षांचं मूल आहे. शेजारी मधुमेहाचे आजोबा आहेत, त्यांना वेळेवर खावंच लागतं. त्यांना तोंडावर ‘खाऊ नका’ म्हणून दाखवा.

आणि आपल्याकडे काय चांगल्या खाण्याची वानवा आहे? मडगावात रस-ऑम्लेट आहे, चोरिस-पाव आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या संघांचे सामने असले की पेठाच्या पेठा लोटतात, आणि भडंग-मिसळीच्या त्या गावाला खाणं शिकवायची कुणाची छाती नाही. मोठ्या लीगचा सामना आला की मात्र ही सगळी चव गेटबाहेर थांबते. आत येते ती फॉइलमधली टिक्की.

कारण गाडीवाल्याला कंत्राटाची अनामत भरणं झेपत नाही. चव त्याच्याकडे आहे, ऐपत दुसऱ्याकडे.

शिवाय मडगावातल्या फातोर्ड्याचं मैदान सरकारचं. कोलकात्याचं सॉल्ट लेक सरकारचं. पुण्याचं बालेवाडीही सरकारचंच. करदात्याने बांधलेल्या मैदानात करदात्यालाच अडवून पैसे काढायचे, हा व्यवहार कुणाच्या सहीने होतो? ती सही करणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

मागण्या फार नाहीत. प्रत्येक गॅलरीत पिण्याच्या पाण्याचे नळ, फुकट आणि चालू. खाण्यापिण्याचे भाव तिकीट विकतानाच जाहीर, म्हणजे माणूस घरून ठरवून निघेल. कंत्राटात भावाची कमाल मर्यादा, छापील किमतीच्या वस्तूला छापील किंमतच. आणि काही खिडक्या गावातल्या विक्रेत्यांसाठी राखीव, त्यांना झेपेल अशा भाड्याने. यातली एकही गोष्ट अशक्य नाही. अटलांटाने भाव उतरवून दाखवले, साल्व्हादोरने वडेवाल्यांना आत बसवून दाखवलं. आपलं घोडं नेमकं कुठे अडलंय?

क्लब जाहिरातींत म्हणतात, प्रेक्षक हा आमचा बारावा खेळाडू. छान. मग मध्यंतरात अकरा जणांना पाणी फुकट, फळं फुकट आणि बाराव्याकडून तिप्पट पैसे का?

पुढच्या हंगामाचं तिकीट काढण्याआधी आपल्या क्लबला हे लेखी विचारा. सगळ्यांनी विचारा. उत्तर आलं नाही, तर ७७ वं मिनिट आपल्या मैदानांवरच्या घड्याळातही येतंच.